रफूपुरता उजेड

आमच्या दोन बेडरूमच्या घरात मी चव्वेचाळीस दिवे बसवून घेतले, आणि घरातल्या ज्या एका माणसाला उजेडाची खरोखर गरज होती तिला काही विचारलं नाही.

हे वाक्य आता मी शांतपणे लिहितोय, पण ते मान्य करायला मला चार महिने लागले. त्याआधी आकडा ऐकून कुणी भुवया उंचावल्या, की मी म्हणायचो, "पॅसेजमध्ये अजून दोन बसले असते खरं तर."

थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर मी जन्मतःच असा आहे असं वाटेल. खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही एकतीस वर्षं काढली. खोलीला एक ट्यूब, भिंतीला आडवी. त्या उजेडात मुलगी दहावी झाली, बारावी झाली, लग्न होऊन बंगळुरूला गेली, आणि उजेड याहून वेगळा असू शकतो हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. मग माझा निवृत्तीचा समारंभ झाला, एका बऱ्यापैकी हॉलमध्ये. तिथल्या छतात पेल्याएवढी गोल भोकं होती आणि प्रत्येक भोकातून मधासारखा पिवळा उजेड खाली पडत होता. फोटो हातात आले आणि मी थक्क झालो. गळ्यात हार, खांद्यावर शाल, आणि चेहऱ्यावर असं तेज की एखाद्या छोट्या संस्थानाचा वारस वाटावा. इतकी वर्षं माझे फोटो वाईट येत होते ते चेहऱ्यामुळे नव्हे, ट्यूबमुळे, हे मला त्याच क्षणी कळलं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते मी तेव्हा विचारलं नव्हतं.

मग पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात फ्लॅट घेतला. स्वतःचा. ज्याने आयुष्यभर सरकारी भिंतीत खिळा ठोकतानाही इकडे-तिकडे बघितलं, त्याला मालकीच्या छताकडे मान वर करून बघताना काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळेल. लोक गृहप्रवेशाला येऊन फरशी बघतात, ओटा बघतात. माझा जीव छतावर जडला. मी पीओपीचं खोटं छत करून घ्यायचं ठरवलं आणि त्यात ते गोल दिवे.

नोकरीत मी तपासणी विभागात होतो. मशिनवरून आलेला सुटा भाग गेजमध्ये घालून बघायचा. बसला तर पास, नाही तर नापास. दुसऱ्यांनी केलेला माल नापास करण्यात माझं निम्मं आयुष्य आनंदात गेलं. अशा माणसाच्या हातात ग्राफपेपर देऊ नये. मी सगळ्या घराचं छत ग्राफपेपरवर उतरवलं आणि त्यात काटेकोर अंतरावर गोल मारले. हॉलमध्ये दोन दिव्यांत बरोबर तीन फूट, एका सुताचा फरक नाही. खाली सोफा आहे की कपाट, कुणी बसणार की कुणी झोपणार, याची त्या कागदावर नोंद नव्हती. कारखान्याच्या मशिन शॉपमध्ये उजेड असाच सगळीकडे सारखा लागतो. तो लागतो कारण तिथे सगळीकडे माणसं काम करत असतात, एवढी बारीक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

घरात काम करणारं माणूस एकच होतं. माझी बायको रफू करते. नुसतं शिवत नाही. कापडाचं जे विणकाम तुटलंय ते सुईने पुन्हा विणते, उभा दोरा, आडवा दोरा, जसं मागावर होतं तसं. खडकीत तिच्याकडे साहेबांचे कोट यायचे, शालू यायचे, एकदा तर कुणाच्या तरी आजेसासूची पैठणी आली होती, उंदराने कुरतडलेली. ती बसायची क्वार्टरच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात. तिथे दिवसभर मऊ, एकसारखा उजेड असायचा. तिचं केलेलं रफू मी माझ्या भिंगातून शोधायचो. एकतीस वर्षांत मला एकदाही सापडलं नाही. तपासनीस म्हणून हा माझा पराभव आहे, पण नवरा म्हणून मी तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगत आलोय.

मांजरीच्या फ्लॅटला व्हरांडा नाही. समोरच्या इमारतीतल्या बाई कणीक सैल मळतात की घट्ट, ते आमच्या खिडकीतून दिसतं, इतकी ती जवळ. बायकोने पहिल्याच दिवशी खिडकीशी उभं राहून हात पुढे केला, हातावर पडलेला उजेड बघितला आणि म्हणाली, "अहो, मला एक कोपरा तेवढा बघा. काळा दोरा आणि गडद निळा दोरा वेगळा दिसला पाहिजे. नाहीतर माझं काम संपलं इथे."

"अगं, कोपरा कसला मागतेस! सगळं घर उजळून टाकतो."

तिने हात मागे घेतला. माझ्या या वाक्यानंतर सहसा काय होतं ते तिला माहीत होतं.

मी ग्राफपेपर घेऊन पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका दुकानाच्या छतात इतके दिवे होते की खाली उभं राहिल्यावर टाळू गरम व्हायला लागली. दुकानदाराने माझा कागद उलटसुलट करून बघितला.

"हॉल आहे का मंगल कार्यालय?"

"राहतं घर आहे."

"माणसं किती?"

"दोन."

"म्हणजे माणशी बावीस," असं म्हणून त्याने पेन काढलं. "वॉर्म, नॅचरल, का कूल? म्हणजे पिवळा, उन्हासारखा, का पांढरा?"

"वॉर्म," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो होता.

"सगळे?"

"सगळे."

"स्वयंपाकघरात पण? पालेभाजीतली अळी दिसणार नाही."

"आमच्याकडे अळी नसते."

"दिसत नसेल," तो म्हणाला आणि त्याने खोकी काढायला सुरुवात केली.

दिवे बसवायला जे गृहस्थ आले ते मांजरीचेच. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात सोन्याचं कडं. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचा ऊस होता. जमीन गेली, गाडी आली, बंगला झाला, तरी वायरिंगचं काम सोडवत नाही म्हणून करतात. आल्या आल्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "हितं आमची मोटर हुती बघा, काका. पाणी लई." मग माझा ग्राफ बघितला, एकदा छताकडे, एकदा पंख्याच्या हुकाकडे. "पंखा कुटं लावनार?"

"मध्ये."

"मग ह्ये चार दिवं पंख्याच्या पात्यावर येत्यात."

"तीन फूट म्हणजे तीन फूट," मी म्हणालो.

"तुमचं घर हाय," ते म्हणाले. हे वाक्य पुढच्या चार महिन्यांत मला बऱ्याच लोकांनी ऐकवलं.

वास्तुशांतीला मी भर सकाळी सगळे दिवे लावून ठेवले, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. हॉल सोन्याने मढवल्यासारखा झाला. खडकीचे जुने सहकारी दारातच थबकले. मी पाठीमागे हात बांधून उभा, चेहरा साधा ठेवायचा प्रयत्न करत. गुरुजींनी पोथी उघडली, उकडत होतं म्हणून कुणीतरी पंखा लावला, आणि सगळं घर थरथरायला लागलं. पाती दिव्यांखालून फिरत होती आणि त्यांच्या सावल्या भिंतींवर, पोथीवर, गुरुजींच्या टकलावर गरागरा पळत होत्या. गुरुजी एकच ओळ तीनदा म्हणाले. मग चष्मा काढून शांतपणे म्हणाले, "यजमान, वारा किंवा प्रकाश. दोन्ही देवांना एकदम बोलावू नका."

मी पंखा बंद करायला सांगितलं. दिवे नाही. घामाघूम झालेले पाहुणे लवकर जेवून गेले आणि माझा अभिमान शाबूत राहिला.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग तो कोट आला.

आमच्याच सोसायटीतला एक मुलगा, आयटीतला. लग्न वीस दिवसांवर आलेलं. त्याच्या वडिलांनी स्वतःच्या लग्नात घातलेला बंदगळा कोट त्याला घालायचा होता. वडील आता नाहीत. कोट गडद निळा, जवळजवळ काळाच, आणि नेमका छातीवर कसरीने खाल्लेला, वाटाण्याएवढा. बायकोकडे शेवटचं काम येऊन तीन महिने झाले होते. तिने कोट हातात घेतला तेव्हा तिची बोटं कापडावरून कशी फिरली ते मी बघितलं. एरवी ती कोटाच्या आतल्या शिवणीतून दोरे ओढून घेते, म्हणजे कापड तेच आणि रंगही तोच. पण या कोटाची आतली शिवण कुणीतरी कधीच कापून टाकली होती. तिने आपल्या डब्यातला दोरा काढला आणि हॉलमध्ये बसून, माझ्या सोळा दिव्यांखाली, दोन दिवस खपून रफू केलं. बाहेर ढग होते, घरात मध पसरला होता. मी भिंगातून बघितलं. सापडलं नाही. मी म्हणालो, "पास!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगा कोट घेऊन परत आला. त्याला फार अवघडल्यासारखं झालं होतं. "काकू, तसं काही नाही, इट्स टोटली फाइन. पण आई नारायण पेठेतून आली होती ना, तिने गॅलरीत नेऊन पाहिलं. उन्हात थोडं दिसतंय. आई म्हणाली, तेवढा दोरा काढून ठेवा, आपण नवीन कोट शिवून घेऊ."

बायकोने कोट समोरच्या खिडकीशी नेला. उतरतं ऊन समोरच्या इमारतीच्या काचेवरून परतून येत होतं. त्यात मलासुद्धा दिसलं. निळ्या कोटावर वाटाण्याएवढं काळं वर्तुळ. तिने काळा दोरा वापरला होता. निळा समजून.

मुलगा गेल्यावर ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला निदान उत्तरं देता येतात. तिने कोट हँगरला लावून दाराच्या मागे टांगला, दोऱ्यांचा पत्र्याचा डबा बंद केला आणि माझ्याकडे दिला. "वर माळ्यावर टाका."

"अगं, एकदा चुकलं तर..."

"एकतीस वर्षांत नाही चुकलं. आता डोळे गेले माझे, दुसरं काय."

डोळे तिचे गेले नव्हते. पण ते सांगायचं तर मग चुकलं कुठे, हेही सांगावं लागलं असतं. मी डबा माळ्यावर टाकला.

चार दिवस काढले. रोज दाराआड तो कोट दिसायचा. पाचव्या दिवशी जेवण झाल्यावर मी स्टूल लावलं, माळ्यावरून डबा काढला, पिशवीत घातला आणि चपला घालायला लागलो.

"माझा डबा घेऊन कुठे निघालात?"

"दिवे आणायला."

"अजून?"

मी मान खाली घालून म्हणालो, "तुझे डोळे ठणठणीत आहेत. दिवे नापास आहेत. मी आणलेले."

तिने माझ्या पिशवीतून डबा काढून घेतला. मग म्हणाली, "तुम्हाला काय कळणार आहे दोऱ्यातलं? थांबा, साडी बदलते."

तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने मला लांबूनच ओळखलं. "या, या, माणशी बावीस! कमी पडले?"

बायकोने त्याच्याकडे बघितलंही नाही. काउंटरवर डबा उघडला आणि तीन रिळं काढली. मला तिन्ही काळी दिसली. ती म्हणाली, एक काळं, एक निळं, एक बाटलीहिरवं. "दिवे लावून दाखवा. पण आधी हे वरचे सगळे बंद करा."

"बाई, दुकान आहे हे. अंधार केला तर लोकांना वाटेल वारलो."

"मग एक रिकामा खोका द्या."

तिने खोक्याच्या वरच्या बाजूला ब्लेडने गोल भोक पाडलं, त्यात दिवा बसवायला सांगितला, समोरची एक बाजू कापली आणि आत रिळं ठेवली. म्हणजे आतल्या रिळांवर फक्त त्या एका दिव्याचा उजेड. मी बघतच राहिलो. नोकरीभर मी गेज वापरले. हिने उभ्या उभ्या एक बनवला. दुकानदाराने पहिला दिवा लावला. ती वाकली, बघितलं. "नाही." दुसरा. "नाही." तिसरा पांढराफेक होता, डोळ्यांत टोचणारा. "हा तर दवाखान्यातला." चौथ्याला जरा रेंगाळली. "निळा दिसतोय, पण हिरवा मरतो. नाही." असे सात दिवे तिने नापास केले. गर्दी जमायला लागली. दुकानदाराचा टोमणे मारण्याचा सूर हळूहळू मावळला आणि तोच पुढे होऊन बघायला लागला.

"थांबा," तो म्हणाला आणि आतून एक डबी घेऊन आला. "हा नॅचरल. आणि याचा सीआरआय नव्वदच्या वर. म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो, त्याचे मार्क. यांनी नेले ते काठावर पास होते."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही ग्राफ दाखवत होतात."

दिवा लागला. बायको वाकली. मीही तिच्या खांद्यावरून वाकलो. आणि माझ्यासारख्यालाही दिसलं: खोक्यात तीन रिळं होती आणि तिन्ही वेगळी होती. ती सरळ झाली, चेहरा तसाच कोरा, पण रिळं डब्यात ठेवताना तिने झाकण हलकेच थोपटलं.

"हा."

"किती देऊ? सोळा?" दुकानदाराने माझ्याकडे बघून विचारलं.

"दोन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांजरीचे ते गृहस्थ आले. मी त्यांना जुन्या दोन भोकांत नवे दिवे बसवायला सांगणार, तोच ते म्हणाले, "काकू, तुमी बसा आदी. जशा कामाला बसता तशा." ती खिडकीशी पाटावर बसली, मांडीवर कोट घेतला, सुई धरली. ते शिडीवर चढून टॉर्च छताला लावून हळूहळू सरकवत राहिले. "आता? सावली पडती का हातावर? आता?" एका जागी ती म्हणाली, "इथे." तिच्या डावीकडे, जरा पुढे. दुसरी जागा समोर. दोन्ही माझ्या तीन फुटांच्या ओळीत कुठेच बसत नव्हत्या.

"काका, तुमचा ग्राफ मोडतुया," ते शिडीवरून म्हणाले.

"मोडा," मी म्हणालो. सोपं नव्हतं ते.

त्यांनी करवतीने गोल कापला. पांढरा भुगा माझ्या डोक्यावर पडला. "मानूस कुटं बसनार ते इचारून मग भोक पाडायचं असतं," ते म्हणाले. मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी माझ्या घरात पहिल्यांदा एक दिवा कुणासाठी तरी बसत होता.

बायकोने काळा दोरा एकेक करून उसवला आणि निळ्या दोऱ्याने पुन्हा विणायला घेतलं. तीन दिवस लागले. त्या दिवसांत मी घरात पाय न वाजवता चाललो, टीव्ही लावला नाही आणि चहा स्वतः केला. तिसऱ्या दिवशी तिने दात लावून दोरा तोडला आणि कोट माझ्याकडे न देता थेट हँगरला लावला. मी भिंग हातात घेऊन उभा होतो. "तुमच्या भिंगाचं काम नाही," ती म्हणाली. "त्याच्या आईला बोलवा."

मुलाची आई आल्या. निवृत्त शिक्षिका, ताठ, चष्म्याला साखळी. आत येऊन छताकडे बघितलं, पण पेठेतल्या सभ्यतेला धरून काही बोलल्या नाहीत. कोट घेतला आणि सरळ जिन्याने खाली पार्किंगमध्ये उन्हात घेऊन गेल्या. बायको पाटावर बसून राहिली, हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवून. मी खिडकीतून खाली बघत होतो. बाई कोट तिरका धरत होत्या, सरळ धरत होत्या, चष्मा कपाळावर नेत होत्या, परत आणत होत्या. पाच मिनिटं. मग त्या वर आल्या, धापा टाकत, आणि बायकोसमोर जमिनीवरच बसल्या.

"कुठे होतं हो भोक?"

"ते मी कुणालाच सांगत नसते," बायको म्हणाली.

बाईंनी कोटाच्या छातीवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. सावकाश म्हणाल्या, "यांच्याच कोटात उभा राहील मग तो." आणि पदराने डोळे न पुसता नाक पुसलं. "माझ्या बहिणीचे दोन शालू आहेत. पाठवू का?"

"पाठवा," बायको म्हणाली. ती हसली नाही, पण तिच्या पाठीचा कणा ताठ झाला, खडकीच्या व्हरांड्यात असायचा तसा. मला इतकं भरून आलं की मी गप्प बसायला हवं होतं.

मी पुढे झालो आणि थेट त्या दिव्याखाली जाऊन उभा राहिलो. "या दिव्याचंही थोडं कौतुक आहे बरं का," मी वर बोट दाखवून म्हणालो. "मी मुद्दाम निवडून आणला. सीआरआय नव्वदच्या वर. याच्याखाली काही लपत नाही. कुठल्याही वस्तूचा खरा रंग दिसतो."

बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"हो, दिसतोय," त्या म्हणाल्या. "कानामागे कलप लावायचा राहिलाय तुमचा. आणि लावलाय तोही काळा नाही, जांभळा आहे."